आज निधनवार्ता नाही

रेडिओ ब्रेस्तोवाचा पन्नास वर्षांचा इतिहास दोन पानांत बसवायचा होता. तिसरं पान चालणार नव्हतं, कारण शुक्रवारी दुपारी एक वाजता केंद्र कायमचं बंद व्हायचं होतं आणि त्याआधी महापौरांना बोलायचं होतं. महापौर एकदा बोलायला उभे राहिले की घड्याळाकडे बघत नाहीत हे अख्ख्या गावाला पाठ आहे. म्हणून इतिहास आखूड करायचं ठरलं.

काम स्लावकाच्या गळ्यात पडलं. बेचाळीस वर्षं तिने त्याच एका माईकसमोर काढली होती. बरोबरीच्यांतले काही गेले, काही व्हिएन्नाला मुलांकडे जाऊन नातवंडं सांभाळत बसले. उरली ती आणि प्रक्षेपणाच्या मनोऱ्याखालच्या खोलीत यंत्रं सांभाळणारा झिका. झिकाला लिहिण्याचा कंटाळा, त्यामुळे प्रश्नच मिटला.

"दोनच पानं हं, स्लावका," वेलिमिर म्हणाला. "आणि गोड लिही. शेवटचा दिवस आहे. लोकांना रडायचंच असेल तर समाधानाने रडू दे."

वेलिमिर केंद्राचा जुना डायरेक्टर. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण ब्रेस्तोवात त्याच्याशिवाय एक फीत कापली जात नाही. सत्तरी उलटली तरी पाठ ताठ, केस रंगवलेले, आणि कोणाच्याही खांद्यावर हात ठेवायची सवय तशीच. केंद्र कोणा शहरातल्या माणसाने विकत घेतलं होतं. त्याला हवा होता फक्त परवाना. गाणी तो तिकडूनच कॉम्प्युटरवर वाजवणार होता, एफेमवर. नदीकाठच्या कुरणातला साठ मीटरचा मनोरा भंगारात निघाला होता, आणि मनोऱ्याभोवती गवताखाली पुरलेल्या तांब्याच्या तारा मोजायला एक माणूस येऊनसुद्धा गेला होता.

सोमवारी दुपारचं जेवण आटोपल्यावर स्लावका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि तिने लिहायला घेतलं. सुरुवात सोपी होती. एकोणसत्तर साली अग्निशमन दलाच्या वरच्या दोन खोल्यांत केंद्र सुरू झालं. खाली भोंगा वाजला की वर बातम्या थांबायच्या. लोकांनी पत्रं लिहून लिहून हैराण केलं, तेव्हा निवेदक आग कुठे लागली तेही सांगायला लागले. मग बंबाच्या आधी बघे पोचायचे, आणि बंबाला वाट मिळायची नाही. मनोऱ्याशेजारच्या घराचं गंजलेलं पन्हाळं लहरी पकडून आपोआप गुणगुणायचं. त्या घरातला म्हातारा रेडिओ न घेताच बातम्या ऐकायचा आणि फुकट ऐकतो म्हणून मिरवायचा.

रविवारी फर्माइशी. व्हिएन्नात विटा वाहणारा मुलगा गावातल्या आईला गाणं पाठवायचा, आई त्याला उलट पाठवायची. गाणं संपायच्या आत तोडलं तर पुढच्या रविवारी लोक जिना चढून भांडायला यायचे. पण केंद्राचा जीव खरा होता दुपारी साडेबाराच्या निधनवार्तांत. वरच्या डोंगरांतल्या गावांना तेव्हा टेलिफोन नव्हता. कोण गेलं, शवपेटी घरातून किती वाजता निघणार, हे रेडिओ सांगायचा, आणि त्यावर माणसं कामं टाकून खाली उतरायची. रेडिओने सांगितल्याशिवाय तिकडे कोणी कोणाला मेलेलं धरत नसे. शेवटी शोकाकुल मंडळींची नावं. त्यांचाही क्रम ठरलेला. आधी नवरा नाहीतर बायको, मग मुलगे, मुली, सुना. एखाद्या सुनेचं नाव गळलं तर समजायचं की घर फुटलं. सबंध जिल्हा घास हातात धरून ती यादी ऐकायचा.

चौऱ्याहत्तर साली कोणा सुताराने पैजेपायी आपल्या जिवंत सासऱ्याची निधनवार्ता देऊन टाकली. सासरा कुऱ्हाड घेऊन केंद्रावर आला. तेव्हापासून नियम झाला, डॉक्टरचा शिक्क्याचा दाखला असल्याशिवाय आणि घरचं माणूस समोर आल्याशिवाय कोणाचंही मरण वाचायचं नाही. आणि ज्या दिवशी कोणी गेलेलं नसेल त्या दिवशी साडेबाराला गप्प बसायचं नाही, तेही सांगायचं. "आज निधनवार्ता नाही. सुखाने जेवा." एवढं म्हटलं की घरोघरी बायका छातीवर क्रूसाची खूण करायच्या आणि सूप वाढायला घ्यायच्या. हे वाक्य स्लावकाने हजारो वेळा म्हटलं होतं. बाजारात पोरं तिला पाहून तेच ओरडायची.

इथवर पेन पळत होतं. मग एक्क्याण्णव साल आलं आणि ते थांबलं. ती उठली, कॉफी केली, प्यायली, कप धुऊन पुसून ठेवला. परत बसून तिने लिहिलं, "अवघड वर्षांतही रेडिओ आपल्या माणसांसोबत राहिला." वाक्य वाचून तिचं तिलाच कसंतरी झालं. असली वाक्यं वेलिमिर लिहायचा.

कारण त्या वर्षी, मिरच्या भाजायच्या दिवसांत, युद्धावर जायची सक्तीची बोलावणी आली होती. पोस्टमन दारात दिसला की जवान पोरं मागच्या दाराने पसार व्हायची. द्राक्षमळ्यातल्या झोपड्यांत, वरच्या जंगलात कोळसेवाल्यांच्या खोपटांत लपून बसायची, आणि प्रत्येकाजवळ एक ट्रान्झिस्टर असायचाच. आयांनी युक्ती काढली. रविवारच्या फर्माइशीत कोणी "घरी नसलेल्यासाठी" नाचाची धून मागितली की समजायचं, गावात लष्कराची जीप फिरतेय, खाली उतरू नकोस. संथ गाणं मागितलं की रस्ता मोकळा आहे, ये आणि चार घास खाऊन जा. स्लावकाला हे ठाऊक होतं. ती त्या चिठ्ठ्या सरळ चेहऱ्याने वाचायची आणि मनातून सुखावायची. आपल्या आवाजाचा कोणाला खराखुरा उपयोग होतोय असं तिला नोकरीत तेवढंच एकदा वाटलं होतं.

त्या आयांमध्ये एक स्तामेना होती. विधवा, बाजारात मिरच्या विकणारी, रुंद हातांची आणि खो खो हसणारी. तिचा तिहोमिर चोवीस वर्षांचा, तो वर जंगलात. मुलगी रोसा सतरा वर्षांची. दर रविवारी स्तामेना धापा टाकत जिना चढायची, टेबलावर मूठभर अक्रोड ठेवायची आणि म्हणायची, "बाई, आज नाचाची लाव गं."

मग तो मंगळवार. सकाळी आठ वाजता स्लावकाने बाजारात तिच्याकडूनच बारा किलो मिरच्या घेतल्या, आयवार घालायला, म्हणजे हिवाळ्यासाठी भाजल्या मिरच्यांची चटणी. सव्वाबारा उलटल्यावर वेलिमिर एक कागद घेऊन स्टुडिओत आला.

"एक वाढलंय," तो म्हणाला.

कागदावर स्तामेनाचं नाव होतं. अकस्मात निधन. उद्या दुपारी दोन वाजता राहत्या घरून. शोकाकुल मुलगा तिहोमिर, मुलगी रोसा.

"दाखला?" स्लावकाने विचारलं.

"मागाहून येतोय."

"घरचं कोण आलंय?"

"स्लावका, साडेबाराला दहा मिनिटं आहेत," वेलिमिर म्हणाला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्यामागे व्हरांड्यात चामड्याचा कोट घातलेला एक अनोळखी माणूस भिंतीवरचे अग्निशमन दलाचे फोटो निरखत उभा होता. फार लक्ष देऊन निरखत होता.

माणूस चार तासांत जाऊ शकतो, स्लावकाने स्वतःला सांगितलं. हृदय आहे, कधीही थांबतं. हे तिने स्वतःला सांगितलं आणि त्यावर तिचा क्षणभरही विश्वास नव्हता. तिची मुलगी शाळेत होती, नवरा सरकारी गिरणीत होता, आणि कोटवाला माणूस अजून फोटोच बघत होता. साडेबाराला तिने ती वार्ता वाचली. नेहमीसारखीच वाचली, सावकाश, स्पष्ट, वरच्या गावांना नीट ऐकू जाईल अशी.

दफन उद्या होतं, तरी पोरगा आजच उतरणार हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता. या मुलखात आईचं प्रेत घरात असताना पहिल्या रात्री मुलगा उशाशी बसला नाही असं होत नाही. चोर असो, खुनी असो, तो येतोच. ही अक्कल बाहेरून आलेल्या कोटवाल्याची नव्हती. ती खांद्यावर हात ठेवणाऱ्या इथल्याच माणसाने दिली होती, आणि त्या माणसाचा स्वतःचा मुलगा नगरपालिकेच्या कचेरीत खुर्चीवर सुखरूप होता.

स्तामेना अंगणात मिरच्या भाजत बसली होती. एक वाजेस्तोवर शेजारणी मेणबत्त्या आणि उकडलेले गहू घेऊन दारात आल्या, आणि ती धुराने पाणावलेले डोळे पुसत चांगली जिवंत उठून उभी राहिली. बायकांना आधी भीती वाटली, मग हसू आलं. ती हसली नाही. तिला सगळ्यांच्या आधी समजलं. हातातला चिमटा टाकून ती मळ्याच्या वाटेने डोंगराकडे धावत सुटली, पोराला अडवायला. पोरगा मक्याच्या शेतातून खाली आला. दोघांची चुकामूक झाली. तो अंगणात पोचला तेव्हा तिथे काळे रुमाल बांधलेल्या बायका होत्या, मेणबत्त्या होत्या, आणि आई नव्हती. टोपी काढून तो दाराकडे निघाला, तेवढ्यात गोठ्यामागून जीपवाले आले. त्याला आत कोंबताना बायका ओरडून सांगत होत्या, आई जिवंत आहे, तुझी आई जिवंत आहे. इंजिनाच्या आवाजात त्याने ते ऐकलं की नाही, कोणास ठाऊक. स्तामेनाने नंतर आघाडीवर पत्रं पाठवली. ती पोचली का, हेही कधी कळलं नाही.

एक्केचाळीस दिवसांनी तिहोमिरच्या मरणाचा दाखला आला. त्यावर मात्र शिक्का होता, अगदी ठळक. स्लावकाने वाचलं, शोकाकुल आई स्तामेना, बहीण रोसा. आधीची वार्ता खोटी होती असं रेडिओने कधी सांगितलं नाही. जी काय दुरुस्ती म्हणायची ती एवढीच.

वेलिमिरने हात वर केले. नावाचा घोटाळा झाला म्हणाला, वरच्या कुठल्याशा गावात दुसरी स्तामेना होती. तशी कोणी नव्हती. आठ-दहा दिवस लोकांनी केंद्राच्या खिडक्यांवर दगड मारले, मग इतकी मरणं आली की दगड मारायला कोणाला उसंत मिळाली नाही. "रेडिओबाईचं काय चुकलं," लोक म्हणाले. "बिचारीच्या हातात देतील तो कागद ती वाचते." बिचारीने ते ऐकून घेतलं. अठ्ठावीस वर्षं ऐकून घेतलं.

मिरच्या ती दुसऱ्या ठेल्यावरून घ्यायला लागली. कधी समोरासमोर गाठ पडलीच तर स्तामेना मान हलवायची, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. त्या मान हलवण्यावरून स्लावकाने एक ठरवून टाकलं होतं. त्या सकाळच्या बारा किलो मिरच्या ती बाई विसरली असणार. पुढे एवढं घडलं, त्यात मिरच्या कोणाच्या लक्षात राहतात?

इतिहास लिहायला बसल्याच्या तिसऱ्या दिवशी, बुधवारी, झिका कुरणातून जेवायला आला तो दारातूनच म्हणाला, "बाई, स्तामेना गेली. सकाळी. रोसाने खिडकी उघडली तर गेलेली."

आणि स्लावकाला आनंद झाला. लाज वाटली, पण ती नंतर. आधी आनंदच झाला. मनोरा पडायला दोन दिवस होते आणि तेवढ्यात ही वार्ता आली होती. रोसा दाखला घेऊन येणार. शुक्रवारी साडेबाराला आपण स्तामेनाची निधनवार्ता वाचणार, खरी, शिक्क्याची, आणि तिच्याआधी सांगणार की मागे एकदा वाचली ती खोटी होती आणि वाचणारीला ते माहीत होतं. तिने त्याच दुपारी इतिहासाचं तिसरं पान लिहून काढलं. त्यात मिरच्या होत्या, कोटवाला होता, वेलिमिरचा हात होता. खोडाखोड एकही नव्हती.

गुरुवारी ती सकाळपासून खिडकीशी होती. वरच्या गावातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांचा दाखला आला, तो तिने साडेबाराला वाचला. रोसा आली नाही. केंद्राच्या फाटकासमोरच्या लिंडनच्या झाडावर मात्र कोणीतरी काळ्या कडेचा कागद डकवून गेलं होतं. त्यावर डोक्याला रुमाल बांधलेली स्तामेना होती आणि खाली लिहिलं होतं, शुक्रवार, साडेबारा, राहत्या घरून. दुपारी स्लावकाने काळा रुमाल बांधला, मेणबत्ती घेतली, पिशवीत तिसरं पान घातलं आणि ती नदीपलीकडे निघाली.

रोसाने तिला दारातून परत पाठवलं नाही. मरणाच्या घरी आलेल्याला कोणी परत पाठवत नाही. स्लावकाने पेटीशी मेणबत्ती लावली. स्तामेनाचे ते रुंद हात छातीवर होते आणि फार लहान दिसत होते. मग बाहेर अंगणातल्या बाकावर रोसाने तिला चमचाभर गहू दिले, राकियाचा, घरच्या फळांच्या दारूचा, पेला दिला. दोघींनी गेलेलीसाठी एकेक थेंब जमिनीवर सांडला. रोसा आता पंचेचाळिशीची होती आणि चेहरा हुबेहूब आईचा.

"रोसा, मी कागद न्यायला आलेय," स्लावका म्हणाली. "तू दाखला दे, बाकी मी लिहिते. आज संध्याकाळच्या बातम्यांत घेते, उद्या दुपारी परत वाचते. वरच्या गावांतली माणसं उतरतील."

"ज्यांना सांगायचं त्यांना मी घरोघर जाऊन सांगितलंय."

"तरी रेडिओवर..."

"रेडिओवर आईचं एकदा वाचून झालंय, स्लावकाबाई," रोसा म्हणाली. "माणसाचं दोनदा वाचतात का?"

स्लावकाच्या तोंडून तेच जुनं वाक्य बाहेर पडलं. इतकी वर्षं गावाने तिच्या वतीने म्हटलेलं. "मला कागद दिला होता गं. मी वाचला. मला काय ठाऊक..."

रोसाने पेला बाकावर ठेवला. "किती किलो घेतल्या होत्या त्या दिवशी?"

स्लावकाने आपला पेला तिच्या पेल्याशेजारी ठेवला.

"बारा किलो," रोसा म्हणाली. "आठ वाजता. तुम्ही म्हणालात, जाड सालीच्या बघून दे, भाजल्यावर अंगात काही उरलं पाहिजे. आईने वर दोन जास्त टाकल्या. दर वर्षी भाजायला बसली की पहिलं हेच सांगायची. बाजारात बाया म्हणायच्या, रेडिओबाईला काय माहीत, आणि ही मान खाली घालून मिरच्या पुसत बसायची."

"मग मला कधी बोलली का नाही?"

"मीपण विचारलं होतं. म्हणाली, मला ठाऊक आहे, तिला ठाऊक आहे. तिसऱ्याला सांगून काय तिहोमिर येणारे?"

अंगणाच्या टोकाला कोणीतरी गव्हाचं पातेलं घासत होतं. स्लावकाने पिशवीतून तिसरं पान काढलं. "मी सगळं लिहिलंय. मिरच्यासुद्धा. उद्या वाचणार आहे, सगळ्यांसमोर. वेलिमिरच्या तोंडावर."

रोसाने कागदाला हात लावला नाही.

"कोणासाठी?" तिने विचारलं.

"तुझ्या आईसाठी."

"आई आत आडवी आहे, तिला काही ऐकू येत नाही. अठ्ठावीस वर्षं ऐकू येत होतं. तेव्हा तो माईक रोज दुपारी तुमच्या तोंडासमोर होता, आणि मीडियम वेव्ह सगळा जिल्हा ऐकत होता. आता ऐकायला चार म्हाताऱ्या उरल्यात, उद्या दुकान बंद, परवापासून तुम्हाला कोणी नोकरीवरून काढू शकत नाही. आता तुम्हाला हात धुवायचेत. धुवा. पण माझ्या आईच्या नावाने नका धुवू. उद्या तिचं नाव तुमच्या तोंडून येता कामा नये. एवढं कराल?"

स्लावकाला खूप काही बोलायचं होतं. तिने म्हटलं, "करीन."

"कराल," रोसा म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला सांगितलेलं तुम्ही नेहमीच करता."

शुक्रवारी स्टुडिओत पाय ठेवायला जागा नव्हती. नव्या मालकाने केक पाठवला होता, स्वतः आला नव्हता. महापौर, त्यांचा ड्रायव्हर, शाळेतल्या दोन बाई, आणि निळा टाय लावून वेलिमिर. स्लावकाने त्याच्या हातात दोन पानं दिली. तिसरं तिने सकाळी चुलीत घातलं होतं. वेलिमिरने चष्मा लावून वाचलं, सुताराच्या सासऱ्याला हसला, आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "अवघड वर्षांतही रेडिओ आपल्या माणसांसोबत राहिला. व्वा. हे छान जमलंय."

"तुमचंच आहे," स्लावका म्हणाली.

त्याला ते कौतुक वाटलं. मग तो जरा जवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "समोर झाडावर बघितलं मी. गेली म्हणे ती म्हातारी. दाखला आलाय का?"

"नाही."

"मग नाही मेली." त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "नियम तो नियम."

बाराला इतिहास वाचून झाला. मग महापौर बोलायला उभे राहिले, आणि बोलतच राहिले. नदीवरच्या नव्या पुलापर्यंत पोचले होते तेवढ्यात काचेपलीकडून झिकाने घड्याळ दाखवलं. पन्नास वर्षांत साडेबाराची वेळ कोणी मोडली नव्हती. बॉम्ब पडत होते तेव्हाही नाही. महापौरांना खाली बसावं लागलं.

स्लावका माईकसमोर बसली. निधनवार्तांची काळी फाइल तिने सवयीने उघडली. आत काही नव्हतं. ती तोंड उघडणार तोच चर्चची घंटा सुरू झाली. चर्च पलीकडच्याच गल्लीत आहे आणि खिडकी उघडी होती. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. नदीपलीकडे स्तामेनाची पेटी अंगणातून बाहेर निघाली होती. स्टुडिओतल्या प्रत्येकाने ती घंटा ऐकली आणि प्रत्येकाला ती कोणाची ते माहीत होतं. शाळेतल्या बाईंनी केकची बशी खाली ठेवली. झिका खिडकी लावायला उठला.

"राहू दे," अशी स्लावकाने हाताने खूण केली.

लाल दिवा लागला. नाव घ्यायचं नाही असं तिने कबूल केलं होतं. कबूल केलं नसतं तर आज आपण खरंच बोललो असतो का, हा प्रश्न तिच्या मनात आला, आणि त्याचं उत्तर आता आयुष्यभर मिळणार नव्हतं. बेचाळीस वर्षांत तिने माईकवर जाणूनबुजून एकदाच खोटं वाचलं होतं. आज दुसऱ्यांदा वाचायचं होतं, त्याच बाईबद्दल, आणि याही वेळी कोणीतरी सांगितलं म्हणून.

घंटेचा ठोका विरेपर्यंत ती थांबली. मग सावकाश, स्पष्ट, वरच्या गावांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात तिने म्हटलं, "आज निधनवार्ता नाही."

पुढचा ठोका माईकमधून गेला. झिकाने काचेपलीकडे मान खाली घातली.

"सुखाने जेवा," ती म्हणाली.